तारीख येऊ द्यायची असते

शैलजा तौरच्या टेबलावर कॅलेंडर नव्हतं. आमच्या बांधकाम कंपनीत कॅलेंडरांना तोटा नव्हता. दिवाळी झाली की सिमेंटवाले, सळईवाले, रंगवाले गुंडाळ्या घेऊन हजर व्हायचे. ती रुजू झाली त्या दिवशी तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर असंच एक टांगलेलं होतं. तिनं ते खुर्चीवर चढून काढलं आणि शेजारच्या, म्हणजे माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी कंपनीची खरेदी बघायचे. "तुम्हाला उपयोगी पडेल," ती म्हणाली, "माझ्या कामात हे मधे येतं." आणि बाईला घेतलं होतं ते कामाच्या तारखा काढायलाच. मी मनात म्हटलं, ही काही इथं टिकत नाही.

शेंद्र्याची औद्योगिक वसाहत तेव्हा नवी नवी उभी राहत होती. ज्वारीच्या रानात पत्र्यांचे शेड दिसायला लागले होते. आमच्या मालकांना, साळुंके साहेबांना, तिथल्या कारखान्यांच्या इमारतींची कामं एकापाठोपाठ एक मिळत होती आणि प्रत्येक कामाला उशीर होत होता. कुणीतरी त्यांना सांगितलं की मोठ्या कंपन्या कामाचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर करतात, त्यासाठी खास सॉफ्टवेअर असतं. साहेबांनी ते विकत आणलं आणि मग ते चालवणारं माणूस शोधलं. शैलजा पाचोडजवळच्या एका गावची. घरची मोसंबीची बाग, भाऊ शेती करणारे, ही एकटी शिकून सिव्हिल इंजिनियर झालेली. उंच, अंगानं किरकोळ, बोलणं हळू. हळू बोलायची म्हणून लोकांना गप्प बसून ऐकावं लागायचं.

तिची पहिली मीटिंग मला अजून आठवते. सॉफ्टवेअरमध्ये आमच्या लोकांनी तोवर एक फाइल केलेली होती. डावीकडं कामांची नावं आणि समोर ज्यानं त्यानं आपल्या मनानं लिहिलेल्या तारखा. पाया अमुक तारखेला, स्लॅब तमुक तारखेला, रंग त्यानंतर. सगळं मिळून बरोबर साहेबांनी कारखानदाराला कबूल केलेल्या दिवशी संपत होतं. शैलजानं ती फाइल पडद्यावर लावली आणि सगळ्यांच्या देखत तारखांचा अख्खा रकाना पुसून टाकला. मग तिनं एकेका इंजिनियरला दोनच गोष्टी विचारल्या. तुमच्या कामाला किती दिवस लागतात? आणि ते कशानंतर सुरू होतं? तारीख कुणी सांगायला लागलं की ती नुसती मान हलवायची आणि पुन्हा विचारायची, "ते नको. कशानंतर?"

उत्तरं मिळत गेली तशी ती एक काम दुसऱ्याला जोडत गेली. त्या जोडणीला ती दोरी म्हणायची. पायाची दोरी खांबाला, खांबाची स्लॅबला, स्लॅबची वरच्या भिंतींना. शेवटची दोरी बांधून झाल्यावर तिनं एक बटण दाबलं आणि पडद्यावर तारखा आपोआप भरल्या. शेवटची तारीख साहेबांनी दिलेल्या शब्दाच्या कितीतरी पुढं गेलेली होती.

साहेबांनी विचारलं, "ही तारीख कुणी टाकली?"

"कुणी नाही साहेब. ती आली."

"मग बदला."

"ती अशी बदलत नाही. काम बदललं तर बदलेल. माणसं वाढवा, दोन कामं शेजारी शेजारी चालवा, ती मागं येईल. तारीख टाकायची नसते साहेब, येऊ द्यायची असते."

साहेबांना राग आला होता, पण त्यांनी माणसं वाढवली. प्लॅस्टरवाल्यांची दुसरी टोळी आणली. तारीख थोडी मागं आली, आणि ते काम पहिल्यांदाच सांगितल्याच्या आसपास पूर्ण झालं. पेढे वाटले. त्यानंतर काही दिवस ऑफिसात तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द असं झालं. तिला मात्र त्याचं सुख झालेलं मला कधी दिसलं नाही. काम वेळेवर चाललेलं असलं की ती जास्तच गप्प असायची.

ज्या तारखा कुणी हातानं टाइप करून बसवायचं त्यांना ती खिळे म्हणायची. सॉफ्टवेअरमध्ये अशा कामाशेजारी एक बारीकशी खूण येते. रोज सकाळी आली की आधी ती फाइल उघडून अशा खुणा शोधायची, चहा त्यानंतर. एखादी सापडली की अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता विचारायची, "हा खिळा कुणी ठोकला?" कुणीतरी कबूल करायचं. मग ती त्याला जवळ बोलावून दाखवायची, की बघा, अलीकडचं काम लांबलं तर पलीकडची सगळी सरकतात, तुमचं मात्र सरकत नाही, ते खिळ्याला लटकून राहतं. "ते काम लांबलंय हे त्याला कळणारच नाही," असं ती म्हणायची. एखाद्या बहिऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

सिडकोत तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा हसले होते. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे काही सांगायला नको. तिच्या घरी सगळं त्या पाण्याला बांधलेलं होतं. चादरी धुणं पाण्यानंतर, पाहुणे चादरींनंतर, फराळाचं पाहुण्यांच्या आधी. मुलीनं विचारलं, आई, पैठणच्या बागेत कधी जायचं? तर ही म्हणाली, तुझा निबंध झाला की, आणि बाबांची ऑडिटची धावपळ संपली की. पोरगी पाय आपटत आत गेली. तिचे मिस्टर बँकेत होते, शांत गृहस्थ. ते मला म्हणाले, "आमच्या घरात वाढदिवससुद्धा कशाच्या तरी नंतर येतो." शैलजाही हसली.

त्याच दिवशी चहा घेताना तिनं विहिरीचं सांगितलं. ती शाळेत असताना त्यांच्या रानात विहीर खणत होते. माती भुसभुशीत. थोडं खणायचं, तेवढं दगडानं बांधून घ्यायचं, मग पुढं खणायचं, अशी रीत. पण घरात आत्याचं लग्न निघालं आणि आजोबांनी ठरवलं की लग्नाआधी पाणी लागलंच पाहिजे, वऱ्हाडाला नव्या विहिरीचं पाणी पाजायचं. बांधकाम मागं ठेवलं आणि नुसतं खणत गेले. एका दुपारी विहीर बसली. धाकटा चुलता आत होता.

"लग्न ठरल्या तारखेलाच लागलं," ती म्हणाली. "मांडव घातलेला होता ना."

मी म्हटलं, म्हणून तुला तारखांची भीती बसली. तिनं लगेच मान हलवली. "तसलं काही नाय. उगं कायतरी जोडू नको." गावाकडची बोली तिच्या तोंडी अशीच मधूनच यायची. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

साइटवर गेली की ती पूर्ण त्याच बोलीत बोलायची. सेंट्रिंगच्या टोळीत तिच्या भागातला एक माणूस होता, भानुदास. स्लॅब ओतल्यावर तो घट्ट होईपर्यंत खालून ज्या टेकूंवर आणि फळ्यांवर तोलून धरतात ते सेंट्रिंग. ते लावायचं आणि काढायचं काम या टोळीचं. मुकादम होते रहीमभाई, किराडपुऱ्याचे, दाढी पिकलेले, कामाला चोख. शैलजा आली की भानुदास काम सोडून पुढं यायचा. "पाऊस कसाय तिकडं?" ती विचारायची. "लई नाय ताई, मोसंबीपुरता झाला," तो सांगायचा. एकदा त्यानं तिच्यासाठी पिशवीभर मोसंबी आणली होती. त्यातली अर्धी तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

मग शेंद्र्याचं मोठं काम मिळालं. दुमजली कारखाना, आमच्या कंपनीनं तोवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा मोठा. कारखानदारानं दसऱ्याला उद्घाटन जाहीर करून टाकलं होतं, मंत्र्यांची वेळ घेतली होती, निमंत्रणं छापायला गेली होती. शैलजानं दोऱ्या बांधल्या, बटण दाबलं. तारीख दसऱ्याच्या पुढं आली. माणसं वाढवून बघितली, कामं शेजारी शेजारी चालवून बघितली. थोडी मागं आली आणि तिथंच थांबली. साहेबांनी तिला आत बोलावलं. दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं. साहेब ओरडत नव्हते, समजावत होते, आणि ते ऐकायला जास्त वाईट वाटत होतं. ती एवढंच म्हणत होती की स्लॅबला घट्ट व्हायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच साहेब, त्याला मंत्री कळत नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक सल्लागार आले. कपडे झुळझुळीत, बोलणं गोड. शैलजाला टेंडरच्या विभागात बसवलं. पगार तोच, टेबलही तेच, फाइल मात्र त्यांच्याकडं गेली. दोन दिवसांत त्यांनी वेळापत्रक दसऱ्याच्या आत आणून दाखवलं. साहेब खूश झाले. शैलजानं त्यांना एकदाच विचारलं की तुम्ही कोणती कामं कमी केलीत? ते म्हणाले, कमी काही केलं नाही मॅडम, फाइल जरा मोकळी केली. ती खुर्चीत परत येऊन बसली आणि बराच वेळ टेंडरच्या कागदाचं पान तिनं उलटलं नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्यांनी दोऱ्या कापल्यात," ती म्हणाली. "नुसते खिळे ठेवलेत."

तिनं साहेबांना लेखी दिलं, तोंडी सांगितलं, साइटच्या मॅनेजरला सांगितलं. सगळे हो म्हणाले. मग पाऊस लागला. नारळी पौर्णिमेच्या आधी पडायचा मधल्या भागाचा स्लॅब रखडला. ट्रकवाल्यांचा संप होता, सिमेंट जालन्यातच अडकलं, मी रोज फोन करकरून थकले. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो स्लॅब पडला. ऑफिसात याची चर्चा झाली नाही, कारण भिंतीवर दर आठवड्याला जो छापील तक्ता लागायचा त्यात काहीच हललेलं नव्हतं. पुढची सगळी कामं आपापल्या जागी, दसऱ्याच्या आत. बघून बरं वाटायचं.

हरतालिकेचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे. मला उपवास, मी केळं सोलत होते. शैलजा असले उपवास करत नसे, तिनं डबा उघडला होता. बोलता बोलता मी सिमेंटचं रडगाणं गायले. म्हटलं, बाई, पोळ्याच्या आदल्या दिवशी शेवटची गाडी पोचली तेव्हा कुठं त्यांचा स्लॅब झाला, नाहीतर सण असाच गेला असता.

तिचा घास हातातच राहिला. "कुठला स्लॅब?"

"मधला."

ती उठली आणि खरकट्या हातानंच भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेली. मी मागून गेले. मधल्या भागाचं सेंट्रिंग काढणे, असं लिहिलं होतं, आणि समोर त्याच दिवसाची तारीख. स्लॅब वेळेवर पडला असता तर ती तारीख योग्य होती. स्लॅब सरकला होता, ती सरकली नव्हती. साइटचा फोन तिनं लावला, वाजत राहिला. मॅनेजरचा लागला नाही. साहेब मुंबईला होते. तिनं हात धुतला, स्कूटरची किल्ली घेतली, आणि मी तिच्या मागं बसले.

जालना रस्ता गणपतींनी भरला होता. टेम्पो, हातगाड्या, ताशे, गुलाल. चिकलठाण्यापर्यंत स्कूटर पाय टेकत टेकतच न्यावी लागली. तिनं हॉर्न वाजवला नाही, कुणाला बाजूला हो म्हणाली नाही. मी एकदा म्हटलं, अगं, पाऊस होता, ते एवढ्यात काढणार नाहीत. विमानतळ मागं पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि तिनं स्कूटर अशी सोडली की मी डोळे मिटून घेतले.

साइटच्या फाटकातच आवाज आला. लोखंडी टेकू काढून खाली टाकतात त्याचा आवाज, थोडा थांबून पुन्हा. मधल्या भागाची पलीकडची बाजू रिकामी झाली होती. अलीकडचे टेकू अजून उभे होते. रहीमभाई पुढं आले. तिनं त्यांना स्लॅब कधी पडला ते विचारलं. त्यांनी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांनाही ते पटलेलं नव्हतं. खिशातून तक्त्याची घडी काढून ते म्हणाले, "कागज पे आज का दिन लिखा है मॅडम. मैं पूछा साहब लोगां को. बोले, कागज देखके करो."

ती त्यांच्याशी भांडली नाही. वॉचमनच्या खोलीतली प्लॅस्टिकची खुर्ची तिनं उचलली, आत नेली आणि उभ्या टेकूंच्या मधे मांडून तिच्यावर बसली.

"रहीमभाई, पोरांना बाहेर घ्या. आणखी एक टेकू काढायचा असला तर मी इथं आहे हे बघून काढा."

मी बाहेर उभी राहून तिला हाक मारत होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. रहीमभाईंनी हात वर केला आणि माणसं एकेक करून बाहेर आली. साइटचा मॅनेजर धावत आला, साहेबांना मुंबईला फोन लागला, मॅनेजरनं तो फोन हात लांब करून तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. फोनमधून साहेबांचा आवाज बारीक बारीक येत होता.

तेवढ्यात भानुदास रिकाम्या बाजूला आत गेला. त्याची पहार तिथं राहिली होती. शैलजानं त्याला पाहिलं. ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "भानुदास, राहू दे ते. बाहेर हो."

"व्हय ताई, आलोच," तो म्हणाला.

पुढचा आवाज फार मोठा नव्हता. मला वाटलं होतं तसा नव्हता. आधी काहीतरी कोरडं तडकलं आणि मग पायाखालची जमीन हलली. धूळ बसली तेव्हा अलीकडची बाजू तशीच उभी होती, टेकूंसकट, आणि तिच्यात शैलजा उभी होती, केसांपासून पायांपर्यंत पांढरी झालेली. पलीकडची बाजू खाली होती. रहीमभाई आणि त्यांची माणसं हातांनी मलबा उपसत होती. ती त्यांच्यात जाऊन बसली आणि उपसायला लागली. भानुदासला बाहेर काढलं तेव्हा तो बोलत होता. सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा बोलत नव्हता.

चौकशी झाली. टेकू सरकला, मजुराचं दुर्लक्ष झालं, असं लिहिलं गेलं. शैलजानं पोलिसांना दोऱ्या आणि खिळे समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, कॉम्प्युटरचं आम्हाला काय कळणार मॅडम. ती भानुदासच्या गावी दहाव्याला गेली होती. तिथून आली ती थेट साहेबांच्या खोलीत गेली आणि राजीनामा ठेवून बाहेर आली. त्यांनी थांब म्हटलं नाही. उद्घाटन मात्र हललं नाही. पडलेला मलबा काढला, मधला भाग पुन्हा उभा केला, रात्रंदिवस पाळ्या लावल्या. पुण्याच्या सल्लागारांनी नवा तक्ता छापून दिला.

दसऱ्याला मी तिथं होते, ऑफिसच्या सगळ्यांनाच बोलावलं होतं. फाटकाला झेंडूची तोरणं, बाहेर बँड, गाड्यांची रांग. ऊन फार म्हणून कार्यक्रम मांडवात न करता आत, खालच्या मोठ्या हॉलमध्येच ठेवला होता. फाटकात शिरताना रस्त्याच्या पलीकडं मला तिची स्कूटर दिसली, आणि शेजारी ती. मी रस्ता ओलांडून गेले. वाळली होती. मी म्हटलं, आलीच आहेस तर आत चल, माझ्याबरोबर बस, कुणी काही बोलणार नाही.

तिनं विचारलं, "मधला स्लॅब परत कधी पडला?"

"पितृपक्षात. अगदी शेवटी, सर्वपित्रीच्या आसपास."

"आणि टेकू?"

"परवा काढले म्हणे."

ती इमारतीकडं बघत राहिली. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, ती दिवस मोजत होती. बँडनं स्वागताचं काहीतरी वाजवायला सुरुवात केली, मंत्र्यांच्या गाड्या आल्या होत्या. मला आत जायला हवं होतं.

"मी बाहेरच बरी," ती म्हणाली. "तूपण आत फार वेळ बसू नको."

तिनं स्कूटर चालू केली आणि शहराकडं न जाता जालन्याच्या बाजूला गेली. तिकडं तिचं कोण होतं मला माहीत नाही. त्यानंतर ती मला दिसली नाही.

मी आत गेले. पुढच्या खुर्च्या भरल्या होत्या, मला मधल्या भागात, त्याच नव्या स्लॅबखाली जागा मिळाली. साहेबांनी प्रास्ताविक केलं, सगळ्यांचे आभार मानले, काम दिलेल्या शब्दाप्रमाणं झालं असं सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मांडीवर काहीतरी टपकलं म्हणून बघितलं, तर साडीवर पांढऱ्या रंगाचा थेंब होता. बोट लावलं. छताचा रंग अजून वाळला नव्हता.